कोच बसेल ना?

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले की आमच्याकडे मांडव उतरतो. काल उतरला. बांबू टेम्पोत टाकतानाची ठकठक चौदाव्या मजल्यावर जरा बारीक होऊन येते, पण येते. मी सवयीने खाली गेलो आणि सवयीनेच खड्डे शोधायला लागलो. खड्डे नव्हते. हल्ली बांबू वाळू भरलेल्या पिंपांत उभे करतात, कारण खाली पेव्हर ब्लॉक आहेत आणि एक जरी उखडला तरी सोसायटीची नोटीस येते. मांडव गेला की मागे काहीच राहत नाही. वॉचमनने विचारलं, "क्या ढूँढ रहे हो साब?" मी म्हटलं, किल्ली.

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाची फसगत व्हायला नको.

इथे टॉवर व्हायच्या आधी गोमाजी चाळ होती आणि चाळीच्या पुढ्यात मातीचं मैदान होतं. मैदान म्हणायचं आपलं. जोरात मारलेला बॉल एका बाजूला पिठाच्या गिरणीत जायचा आणि पांढरा होऊन परत यायचा. त्या मैदानावर दरवर्षी गणपतीचा मांडव पडायचा आणि मांडव उठला की मागे खड्डे उरायचे, कोपरभर खोल, शेकड्याने. बाकीच्या जगाला ऋतू झाडांवरून कळतात. आम्हाला फुटबॉलचा सीझन खड्ड्यांवरून कळायचा. पितृपक्षात शुभकार्य करायचं नसतं आणि खड्डे बुजवण्याला कोणी शुभकार्य म्हणत नाही, म्हणून ते काम तेव्हा उरकायचं. विटांचे तुकडे, माती, वर पाणी, मग सगळ्यांनी मिळून थयथय नाचायचं. त्या मातीत गुलाल मिसळलेला असायचा, कुजलेल्या झेंडूचा वास असायचा. आमचे मोजे दिवाळीपर्यंत गुलाबी राहायचे. आई म्हणायची, तुम्ही फुटबॉल खेळता की रंगपंचमी?

मग दसऱ्याला मैदानाच्या कोपऱ्यात सत्यनारायण. गोमाजी स्पोर्टिंगचा रिवाज असा की पूजेला कोचने जोडीने बसायचं. पूजा झाली, शिरा वाटला, गोलपोस्टला नारळ फुटला की सीझन सुरू. का बसायचं, कोणी ठरवलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

मी सांगतोय तो सीझन नऊ वर्षांपूर्वीचा. मी तोवर खेळणं सोडून पोट वाढवलं होतं आणि कमिटीत शिरलो होतो, म्हणजे एकूण क्रम बरोबरच होता. क्लबची अवस्था वाईट होती. आदल्या वर्षी आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता वाचलो होतो, तेही दुसऱ्या कोणाच्या हरण्यामुळे. जुने कोच गुडघे घेऊन कुडाळला गावी गेले. नवा कोच कुठून आणायचा म्हणून सगळे डोकं धरून बसलेले असताना मी म्हटलं, माझा एक दोस्त आहे.

मिलिंद कांबळे. कॉलेजच्या टीममध्ये मी राइट बॅक आणि तो माझ्या पुढे. मी दिलेला वाईट पास चांगला दिसेल अशा जागी तो आधीच जाऊन उभा असायचा. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा, एका शाळेत पीटी शिकवायचा, कोचिंगच्या परीक्षा दिलेल्या. तो मला पक्या म्हणायचा, मी त्याला मिल्या. त्याच्या घरी चौदा एप्रिलची खीर मी वाटीला बोट लावून चाटली आहे आणि आमच्या घरी माझ्या आईने सुकटीची चटणी केली की ती त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवायची.

आमच्या घरच्या सत्यनारायणालाही तो यायचा. खालून खुर्च्या वाहून आणायचा, पाहुण्यांना पाणी द्यायचा आणि पूजा सुरू झाली की गॅलरीत जाऊन उभा राहायचा. पहिल्या वर्षी आई म्हणाली, "अरे मिलिंदा, आत ये, बस ना." तो हसून म्हणाला, "काकू, मी पूजेला बसत नाही, जेवायला बसतो. आणि शिरा द्या, पण शिरा म्हणून द्या, प्रसाद म्हणून नको." आई खूप हसली होती. तिने त्याला मोठा वाडगा भरून दिला. हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं, मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी हा किस्सा चार ठिकाणी रंगवून सांगितलाही होता.

आमच्या क्लबचे खेळाडू अकरा आणि कोच शंभर. गिरणीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी सगळे जमायचे. मधोमध बाबलकाका, कमिटीचे अध्यक्ष, स्वतः कधीकाळी सेंटर हाफ. नोकरीतून निवृत्त झाले पण अध्यक्षपदातून नाही. बाजूला राजू, माझ्याच वयाचा, टीव्हीवर परदेशी क्लब बघून बघून इतका तयार झालेला की आमच्या पोरांना नावं ठेवतानाही तो परदेशी नावं वापरायचा. मिलिंद आला त्या आठवड्यापासून या पायऱ्यांवर एकच विषय होता: हा कोच आपल्याला सूट होईल का?

"आपल्या पोरांना ओरडणारा माणूस लागतो," राजू म्हणाला. "हा तर असा बोलतो की जसा पेशंटला भेटायला आलाय."

"ओरडून मागच्या वर्षी काय झालं?" मी.

"ते वेगळं. हा बॉल मागे द्यायला शिकवतो यार. बॅककडे, बॅककडून गोलीकडे. आपल्याला ही सिस्टिम सूट नाय होणार. आपला खेळ अंगावर जायचा."

बाबलकाका चिडले की मालवणीत यायचे, 'मागे'चं 'फाटी' व्हायचं. "फाटी कित्याक दितत रे? फाटी जावक तो काय गावचो रस्तो आसा?"

सगळे हसले. मीही हसलो. त्यात खोटं काही नव्हतं, वाक्य खरोखरच चांगलं होतं.

खड्डे बुजवायला त्या वर्षी मिलिंद स्वतः उतरला. आधीचे कोच खुर्चीत बसून बोट दाखवायचे. हा घमेलं घेऊन आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बुजवलेल्या प्रत्येक खड्ड्यात काठी खुपसून बघायला लागला. काठी आत गेली की तो खड्डा परत उकरायचा, परत विटा भरायच्या. आदल्या सीझनला सरावात एका पोराचा घोटा अशाच वरवर बुजवलेल्या खड्ड्यात मुरगळला होता, हे मी त्याला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. ते त्याने लक्षात ठेवलं होतं. पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, "कोच आणलाय की गवंडी?" मिलिंदने वर बघून हात केला आणि काठी पुढच्या खड्ड्यात घातली. गुलाबी चिखलाने त्याचे पाय पोटरीपर्यंत माखले होते.

मराठीत काय काय बसतं ते बघा. घडी बसते, भाव बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, पाऊस दडी मारून बसतो. माणूस खुर्चीवर बसतो, पूजेला बसतो आणि टीममध्येही बसतो किंवा बसत नाही. एवढी कामं एका क्रियापदाला लावल्यावर कधीतरी घोटाळा होणारच. आमचा दसऱ्याच्या दोन दिवस आधी झाला.

पायऱ्यांवर तोच वाद रंगला होता. मी मिलिंदच्या बाजूने बोलत होतो. कोणता पोरगा कुठे खेळवायचा, जाड्या स्ट्रायकरला बाहेर का काढला, हे सगळं हातवारे करून समजावत होतो. बाबलकाका मध्येच उठले. त्यांना भटजींना फोन करायचा होता. जाता जाता वळून म्हणाले, "पक्या, तुझो माणूस बसतलो मां नीट?"

मला वाटलं ते टीमबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "बसेल की काका. मस्त बसेल."

इथपर्यंत माझी चूक नाही. इथपर्यंत चूक भाषेची. एवढं तरी मला माझ्या बाजूने म्हणता येतं आणि नऊ वर्षं मी तेच म्हणत आलोय.

दसरा. आमच्याकडे आपट्याची पानं, झेंडूची तोरणं, गोलपोस्टलासुद्धा तोरण. मिलिंदच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी त्याच्याकडे सगळे पांढरे कपडे घालतात, सकाळी विहारात जातात. तरीही विहारातून तो थेट आमच्याकडे आला, बायकोला घेऊन, कारण सीझनचा पहिला दिवस होता आणि पोरं वाट बघत होती. त्याचा पांढरा शर्ट, सुजाताची पांढरी साडी, हातात पोरांसाठी केळ्यांचा घड. चौरंग मांडलेला, केळीचे खांब बांधलेले, दोन पाट शेजारी शेजारी. भटजी घड्याळ बघत होते.

बाबलकाका खुशीत होते. "या कोच, या वहिनी. बसा, तुमचीच वाट बघतोय."

मिलिंदला आधी कळलंच नाही. मग त्याने पाटांकडे बघितलं. शांतपणे म्हणाला, "काका, मी पूजेला बसत नाही. बाकी काय असेल ते सांगा, करतो."

चाळीच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती.

"म्हणजे?" बाबलकाका माझ्याकडे वळले. "पक्या बोललेला, बसणार म्हणून. मी स्वतः विचारलं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी बायको, माझी आई, राजू, पोरं. मिलिंदपण. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, काका, घोटाळा झाला, मला वाटलं तुम्ही टीमबद्दल विचारताय. लोक हसले असते. बाबलकाकांनी मालवणीत दोन शिव्या घातल्या असत्या. तो किस्सा पुढे दहा वर्षं पायऱ्यांवर चालला असता. एवढं सोपं होतं.

मी म्हटलं, "तो मला बोलला होता, बसेन म्हणून."

का बोललो? मी खूप शोधलं आहे, कारण सापडत नाही. मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं. मी फक्त घाबरलो. गॅलरीतली एवढी माणसं आपल्याला मूर्ख समजतील, एवढ्यालाच घाबरलो. आणि तोंडातून ते वाक्य आलं, गुळगुळीत, एकदाही न अडखळता.

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी रागावून उत्तर दिलं असतं. माझा पास कुठे चाललाय हे बघायला तो पूर्वी जसा मागे वळून बघायचा तसं बघितलं. मग बाबलकाकांना म्हणाला, "माझ्याकडून चूक झाली असेल. सॉरी काका." केळी त्याने पोरांच्या हातात दिली. सुजाताने माझ्या आईकडे एकदा पाहिलं आणि आईने पदर सावरत मान दुसरीकडे वळवली. वाडगा भरून शिरा देणारी माझी आई.

मुहूर्त टळत होता. भटजी म्हणाले, कोणीतरी बसा. मग पूजेला मी बसलो. जोडीने. पाट अजून थंड होता.

त्यानंतरचा सगळा सीझन पायऱ्यांवर वेगळाच वाद चालू राहिला आणि वर वर तो फुटबॉलचाच होता. टीम पहिल्या दोन मॅच हरली तेव्हा राजू म्हणाला, "मी बोललो होतो, सूट नाय होणार." तिसरी बरोबरीत सुटली तेव्हा कोणी म्हणालं, "आज एक बोलतो, उद्या एक करतो, अशा माणसावर पोरं भरोसा काय ठेवणार?" मग आम्ही जिंकायला लागलो. बॉल मागे जायचा, गोलीकडून बाजूला, तिथून आत आणि अचानक समोर मोकळी जागा उघडायची. इतका सुंदर खेळ गोमाजीच्या पोरांनी कधी खेळला नव्हता. हे मी राइट बॅक म्हणून सांगतो. बाबलकाका म्हणाले, "खेळाचा ठीक आसा. पण शब्दाचो पक्को नाय."

शब्दाचा पक्का नाही! मी शेजारी बसलेलो असायचो. शेंगदाणे खात असायचो.

जातीचं कोणी एक अक्षर बोललं नाही. हे आम्ही नंतर अभिमानाने सांगायचो. आमच्यात तसलं काही नाही हो, प्रश्न शब्द फिरवण्याचा होता. खरं आहे. एरवी ज्यांना कारण सापडलं नसतं त्यांना मी कारण आणून दिलं होतं, स्वच्छ, धुतलेलं, चारचौघात बोलता येण्यासारखं. आता वाटतं की ते सगळेच असल्या कारणाची वाट बघत होते. मग वाटतं, हा विचारही मी माझ्या सोयीसाठीच करतोय. वाट बघत असतील किंवा नसतीलही. आणून तर मीच दिलं.

मिलिंद सरावाला वेळेवर यायचा. मला "काय पक्या" म्हणायचा नाही आणि "काय प्रकाश" असंही म्हणायचा नाही. नाव न घेता बोलायचा. शेवटची मॅच आम्ही जिंकलो आणि डिव्हिजनमध्ये टिकलो. पोरांनी त्याला उचलून घेतलं. मी गर्दीच्या कडेला टाळ्या वाजवत होतो. वरून खाली बघताना एकदा त्याची नजर माझ्यावर गेली आणि पुढे सरकली.

पुढच्याच आठवड्यात कमिटीची मीटिंग. बाबलकाका मीटिंगमध्ये शुद्ध बोलायचे. "खेळाबद्दल प्रश्नच नाही. कोचने मेहनत घेतली, आभार. पण माणूस आपल्यात बसत नाही. ज्यांना बदल पाहिजे त्यांनी हात वर करा." हात वर व्हायला लागले. मी कान खाजवायला हात वर नेला होता. शपथेवर सांगतो, कान खाजवायलाच. बाबलकाकांनी तो मोजणीत धरला. मी खाली घेतला नाही.

नवा कोच चाळीतलाच आला. पूजेला झकास बसला, पीतांबर नेसून. त्या वर्षी खड्डे वरवर बुजवले गेले आणि टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. तिथून ती परत आली नाही. दोन वर्षांनी चाळ पाडली. आज गोमाजी स्पोर्टिंगचं नाव गणपतीच्या बॅनरवर सर्वात खालच्या ओळीत असतं, सौजन्य म्हणून.

हे सगळं आत्ताच का उकरतोय, तर गेल्या रविवारी मी त्याला भेटलो. माझी मुलगी सई तेरा वर्षांची आहे आणि तिला फुटबॉल खेळायचा आहे. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, वरळीला एक सर मुलींना छान शिकवतात. मी तिला घेऊन गेलो. मैदानाच्या टोकाला एक पांढऱ्या केसांचा माणूस काठी घेऊन जमीन ठोकत फिरत होता. पाठमोरा होता, तरी मी ओळखला.

त्याने सईचं नाव विचारलं, उजवा पाय की डावा ते विचारलं, बूट दाबून बघितला. मग मला म्हणाला, "एक नंबर मोठा आहे. बदलून घ्या तुम्ही."

तुम्ही. मी म्हटलं, "मिल्या, मला अहो-जाहो काय करतोस?"

"पालकांना मी अहोच म्हणतो," तो म्हणाला. त्याने प्लास्टिकची खुर्ची ओढली, गळ्यातल्या टॉवेलने पुसली. "बसा."

मी बसलो नाही. सई पोरींमध्ये धावायला गेली होती. मी नऊ वर्षं घोटलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "त्या दसऱ्याला मी खोटं बोललो. तू मला तसं काही बोलला नव्हतास."

"ते मला माहीत आहे," मिलिंद म्हणाला. आवाज चढला नाही, तो कधीच चढायचा नाही. "मी होतो ना तिथे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." आणि शिटी तोंडात धरून मैदानात गेला.

येताना बसमध्ये सई खिडकीशी बसून बडबडत होती. सर म्हणे बॉल मागे द्यायला घाबरू नका म्हणतात. सर म्हणे पहिल्या दिवशी सगळ्यांकडून मैदान साफ करून घेतात. मी हं हं करत होतो. मनात एकच चाललं होतं: बाबलकाका आहेत अजून. चौथ्या मजल्यावर राहतात, संध्याकाळी लॉबीत खुर्ची टाकून बसतात, लिफ्टमधून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात. त्यांना एकदा सांगितलं की झालं. ते सगळ्यांना सांगतील, ते त्यांचं कामच आहे.

लॉबीत ते होतेच. शेजारी राजू मोबाइलवर मॅच बघत उभा, दारात वॉचमन, दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टची वाट बघत होत्या. सईच्या हातातले बूट बघून काकांनी विचारलं, "काय गो, फुटबॉल? कोच कोण तुझो?"

"मिलिंद सर," सई म्हणाली. "वरळीला."

काकांनी कानामागे हात धरला. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, सगळं दोनदा आणि मोठ्याने सांगावं लागतं. "कोण?"

मी पुढे झालो. खाली वाकलो. "मिलिंद, काका. आपला मिलिंद. काका, त्या पूजेच्या वेळी मी..."

"काय? मोठ्यान बोल."

राजूने मोबाइलवरून मान वर केली. पिशव्यावाल्या बायका बघायला लागल्या. सई माझ्याकडे बघत होती. जे हळू सांगायची हिंमत नऊ वर्षं झाली नव्हती, ते आता लॉबीभर ओरडून सांगायला लागणार होतं.

"काही नाही काका," मी ओरडून म्हटलं.

तेवढं त्यांना नीट ऐकू गेलं.